कुरडयांखालचा तीन नंबर

मी डोंबिवलीच्या सुधीर पाटणकरांच्या गच्चीवरचा तीन नंबरचा सोलर पॅनेल बोलतोय. होय, तोच, ज्याला दोन महिने सगळ्यांनी आळशी ठरवलं.

आम्ही आठ भाऊ, एकाच तारेत ओवलेले. गेल्या दिवाळीनंतर घोडबंदर रोडच्या एका गोदामातून टेम्पोत बसून आलो. सुधीरराव नुकतेच निवृत्त झालेले, त्यामुळे वेळ भरपूर आणि मोबाईलवर आमचं अ‍ॅप. आज किती वीज झाली हे ते नातवाच्या मार्कांसारखं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटायचे. मला भारी अभिमान वाटायचा.

मार्च लागला आणि माझे ग्रह फिरले. सकाळी नऊच्या सुमाराला त्यांची पत्नी उत्तराकाकू हळूच वर यायच्या, माझ्या अंगावर जुनी साडी अंथरायच्या आणि तिच्यावर सोऱ्याने कुरडया घालायच्या. दुसरी जागाच कुठे होती? गच्चीभर आम्हीच हातपाय पसरून बसलेलो. साडीखाली मला ऊन मिळेना, आणि तार एकच असल्यामुळे माझ्यापायी बाकीच्या सातांचाही जोर कमी पडे. भाऊ माझ्यावर जाम उखडले होते.

गुडघेदुखीमुळे सुधीरराव वर फिरकत नसत. खालूनच रोज बोंब मारायचे, "अगं, भर उन्हात वीज उतरतेच कशी?" काकू पुढच्या कुरडयांसाठी गहू भिजत घालायच्या.

शेवटी सोलर कंपनीची तंत्रज्ञ मुलगी, प्राप्ती, दुरुस्तीला आली. तिच्यामागून सुधीररावही कण्हत वर चढले. त्या दिवशी वाळवण नव्हतं, पण माझ्या काचेवर पांढरे डाग होते.

"हाच तो! काढ आणि भंगारात दे," सुधीरराव कडाडले.

प्राप्तीने पाना लावला. माझा एक बोल्ट सैल झालासुद्धा.

"अगं थांब!" काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या. "बिचाऱ्याचा काही दोष नाही गं. मी त्याच्यावर कुरडया घालते."

"उत्तरा, मला सांगायचंस तरी!"

"पॅनेल लावताना तुम्ही मला विचारलंत? तीस वर्षं माझं वाळवण इथे व्हायचं. तुम्ही एका दुपारीत सगळी गच्ची भरून टाकलीत."

प्राप्तीने नखाने डाग खरवडून हुंगला. "काका, फॉल्ट नाय हा. गव्हाचा चीक आहे."

ती हसली. सुधीरराव हसले नाहीत. आम्ही आठांनी व्यापलेली गच्ची त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेखालून घातली.

"तरी तार सोडव त्याची," ते म्हणाले. "दोन नंबर सरळ चारला जोड. सातांवर भागेल आमचं." मग काकूंकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हा तुझा."

तेव्हापासून मी विजेचं काम सोडलंय. भाऊ मला वाळवणाचा महागडा पाट म्हणून चिडवतात. चिडवू देत, मला आवडतं हे काम. पण लोकहो, पॅनेल बसवायचे तर खुशाल बसवा, फक्त आधी घरात विचारा, गच्चीवर कुणाचं काय वाळतं ते.

काल साडीचं दुसरं टोक पहिल्यांदाच सुधीररावांनी धरलं. वाकडं धरलं. काकूंनी ते सोडायला लावलं आणि पुन्हा नीट धरायला शिकवलं.