मंत्र्यांची तब्येत

१९८४च्या डिसेंबरात एका सकाळी स्वयंपाकघरातला रेडिओ बातम्या सोडून नुसतं व्हायोलिन वाजवायला लागला, तेव्हाच सिझरान गावातल्या सगळ्यांना कळलं, की मॉस्कोत कुणीतरी मोठं माणूस गेलं. गेल्या दोन-तीन वर्षांत लोकांना याची सवयच झाली होती. या खेपेला संरक्षणमंत्री उस्तिनोव्ह गेले होते. क्लावदियाने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि ती ढसाढसा रडली.

शेजारची झोया मीठ मागायला आली होती, ती बघतच राहिली. "काय गं, व्याही होता की काय तुझा?"

व्याही परवडला असता. क्लावदियाचा एकुलता एक गेन्का अफगाणिस्तानात होता आणि वसंतात त्याची सक्तीच्या लष्करी नोकरीची दोन वर्षं भरत होती. पण नुसती वर्षं भरून भागत नाही. मार्चअखेरीस संरक्षणमंत्र्यांच्या सहीचा हुकूम पेपरात छापून येतो, तेव्हा कुठे पोरं सुटतात. सही करणाराच गेला, तर हुकूम काढणार कोण?

सासरे येफिम लुकिच तिची समजूत घालायला बसले. समजूत घालणं हे काही त्यांचं काम नव्हे. ते आधीचे संरक्षणमंत्री बोटांवर मोजायला लागले. झुकोव्हला काढून टाकलं, त्यांनी एक बोट मुडपलं. मालिनोव्स्की, ज्यांच्या हुकुमाने क्लावदियाचा नवरा पलटणीतून घरी आला होता, ते खुर्चीतच गेले. ग्रेच्कोही खुर्चीतच. आणि आता हे. "खुर्चीच वाईट आहे ती, पोरी," म्हातारा म्हणाला.

नवे मंत्री सेर्गेई सोकोलोव्ह आले. टीव्हीवर त्यांचे पांढरे केस बघून क्लावदियाने त्यांचं वय मोजलं. सत्तरी केव्हाच उलटलेली. तेव्हापासून बातम्या लागल्या, की ती अगदी पडद्याजवळ जाऊन बसायची. चालताना झोक जातोय का, चेहरा ओढल्यासारखा दिसतोय का, सगळं बघायची. एवढ्या थंडीत म्हाताऱ्या माणसाला उघड्या डोक्याने ताटकळत ठेवतात, मॉस्कोवाल्यांना काही अक्कल आहे का, असं ती सासऱ्यांना ऐकवायची. दर रविवारी चर्चमध्ये जाऊन ती सेर्गेईच्या प्रकृतीसाठी मेणबत्ती लावायला लागली. मेणबत्त्या विकणाऱ्या म्हातारीने विचारलं, की सेर्गेई म्हणजे यजमान का? क्लावदिया म्हणाली, "कुणी नाहीत हो. पण माझा मुलगा त्यांच्या हातात आहे."

गेन्कासाठीही ती लावायची, नाही असं नाही. पण गेन्का वीस वर्षांचा, दगड पचवणारा पोरगा. घोर होता तो म्हाताऱ्याचा.

गेन्काची पत्रंही मजेची यायची. हुकूम जवळ आला, की जुनी पोरं आपल्या वाट्याचं लोणी नव्यांना देऊन टाकतात. त्यानेही दिलं होतं. आता कोरडा पावसुद्धा गोड लागतो, असं त्याने लिहिलं होतं, आणि खाली विचारलं होतं, "आपले सोकोलोव्ह कसे आहेत?" क्लावदियाने लगेच कळवलं, की काल टीव्हीवर हसले.

फेब्रुवारी संपत आला होता. दुपारी ती पीठ मळत असताना बेल वाजली. दारात लष्करी कचेरीतला एक तरुण कप्तान आणि आणखी एक गणवेशातला माणूस उभा होता. दोघांच्याही टोप्या हातात होत्या. टोप्या बघून क्लावदिया काय ते समजली. इतकं सांभाळूनही शेवटी व्हायचं ते झालंच.

"गेले का?" तिने विचारलं.

"कोण?"

"सोकोलोव्ह."

कप्तानाने सोबत्याकडे पाहिलं. मग तो खाली बघत म्हणाला, "नाही, मावशी. मंत्रीसाहेब ठणठणीत आहेत."

तिने सुटकेचा श्वास टाकला. असं दारात का उभे, आत या, चहा टाकते, असं म्हणत ती पिठाच्याच हातांनी किटली भरायला वळली. दोघं जागचे हलले नाहीत. तेवढ्यात येफिम लुकिच खोलीतून बाहेर आले. त्यांनी त्या दोघांचे चेहरे पाहिले, हातातल्या टोप्या पाहिल्या, आणि भिंतीचा आधार घेत ते खाली बसले.

क्लावदिया किटली टाकून धावली. त्यांच्या खांद्याला धरून म्हणाली, "अहो बाबा, घाबरू नका. ते बरे आहेत."