सालीसकट

"आणखी मोठा आ करा, मावशी."

रतनबाईंनी तोंड उघडलं, तसा डोक्यावरचा पदर घसरला. केस गेलेल्या डोक्याचं त्यांना आता काही वाटत नसे. डॉक्टरांच्या बॅटरीच्या उजेडात जीभ, गालांची आतली बाजू, सगळं सोलल्यासारखं लालभडक दिसलं. मागे उभ्या असलेल्या सुनेनं, निकितानं, कडेवरच्या लेकीला घट्ट धरलं.

"दात मोजताय व्हय? लवकर उरकंल," रतनबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले नाहीत. "किमोनं तोंड येतंच. पण इतकं? वजनही उतरलंय. असंच राहिलं तर पुढचा डोस देता यायचा नाही. आंबट काही खाण्यात आहे का?"

निकिता पुढे झाली. "लिंबू. सालीसकट वाटून, रोज सकाळी ग्लासभर. सालीतलं लिमोनीन कॅन्सरच्या पेशींना रोखतं म्हणे. मी केमिस्ट्रीची आहे, डॉक्टर. नीट वाचूनच..."

"मीच मागत हुते," रतनबाई मध्येच म्हणाल्या. "हिचा काय संबंध न्हाई. मला लई आवडतंय लिंबू."

किती सहज खोटं बोलून गेल्या.

"वाचलंत ते खोटं नाही," डॉक्टर निकितालाच म्हणाले. "सालीतल्या द्रव्यांवर खूप छान काम चाललंय. पण बरंचसं प्रयोगशाळेतल्या पेशींवर. त्या पेशींना तोंड नसतं, फोड येत नाहीत. औषध होईल तेव्हा होईल. आत्ता मऊ, गार, बिनतिखटाचं द्या."

बाहेर बाकावर बसल्यावर निकितानं विचारलं, "आत्या, किती झोंबत असेल! एकदाही बोलला नाहीत?"

"बोलून काय व्हतंय?" रतनबाईंनी नातीचं नाक पदरानं पुसलं. "मी गिलास संपवला का तुज्या तोंडावर जरा कळा यायची. मग तू दोन घास खायचीस. अंगावर पिणारं पोर हाय तुला. माजं काय, डोळं मिटलं का जातंय खाली."

रोज सकाळी निकिता शेवटच्या घोटापर्यंत समोर उभी राहायची. ग्लासाकडे बघत. चेहऱ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

जामखेडला घरी पोचल्यावर तिनं तांदळाची पातळ पेज केली, पंख्याखाली गार होऊ दिली. लेक मांडीवरच झोपली होती. पहिला चमचा रतनबाईंनी गिळला. त्यांचे ओठ नेहमीसारखे हसायला लागले.

"खरं सांगा, आत्या."

रतनबाईंचं हसू विरलं. मग लहान पोरीसारखं तोंड वाकडं करून त्या म्हणाल्या, "दुकतंय गं. लई दुकतंय."

निकितानं चमचा खाली ठेवला आणि जवळ सरकली.

"कुठं?"

रतनबाई सांगू लागल्या.