न चाखलेली डाळ

लंगरच्या स्वयंपाकात कुणी चव बघत नाही. अरदासची प्रार्थना होऊन भोग लागेपर्यंत जिभेवर थेंबही ठेवायचा नाही. त्यामुळे मीठ घालणारा हात खात्रीचा लागतो. इथे परदेशात, आमच्या युबा सिटीच्या गुरुद्वाऱ्यात तो हात माझ्या सासूबाईंचा, बीजींचा.

त्या रविवारी पीचची तोडणी ऐन भरात होती. आठवडाभर बीजी शेडमध्ये बसून डागी फळं बाजूला काढत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण घरी थांबा म्हटलं की रुसायच्या. मी गुरबाणीचा पाठ पुटपुटत कणीक मळत होते, तेव्हा लंगरच्या स्वयंपाकाची व्यवस्था बघणारी रमनीत जवळ आली.

"चाचीजी, बीजींना आता विश्रांती द्यायची का? हात कापतो हो त्यांचा."

"हात कापतो, अंदाज नाही चुकत," मी हळूच म्हणाले.

पहिली पंगत बसली. आमच्या बांधाला बांध असलेले सरवण सिंग पहिल्याच घासाला थबकले, मग मुकाट जेवू लागले. पाणी मागितलं. शेजारच्यांनीही मागितलं. मग दही, मग पुन्हा पाणी. लंगरला नावं ठेवायची नसतात, म्हणून कुणी बोललं नाही. पण मला कळलं, मीठ दोनदा पडलं होतं. आत जाऊन मी डाळीत उकडलेले बटाटे आणि गरम पाणी ओतलं. तरी व्हायचं ते होऊन गेलं होतं. मला धास्ती एकच. हे बीजींना समजलं, तर त्या पुन्हा या चुलीपाशी उभ्या राहायच्या नाहीत.

बीजी नेहमी शेवटच्या पंगतीला बसतात. मी त्यांना रोटी, दही, खीर वाढली.

"डाळ?"

"संपली, बीजी."

"ओगराळं भरल्या पातेल्यात बुडतंय, मला ऐकू येतंय. वाढ."

वाढली. एक घास घेतला आणि त्यांचं चावणं थांबलं. मग त्यांनी वाटी रोटीने पुसून संपवली, उठल्या आणि हात जोडले.

"साधसंगतजी, आज डाळीत मीठ दोनदा पडलं. माझ्या हातून. क्षमा करा."

थाळ्या पुसत बसलेले सरवण सिंग म्हणाले, "बीजी, आठवडाभर उन्हात घाम गाळला, तेवढं मीठ परत मिळालं! फक्त पुढच्या वेळी समुद्र जरा अलीकडे थांबवा."

हशा पिकला. बीजींच्याही ओठांचा कोपरा हलला. "तू गप रे सरवणा. लहानपणी गावी माझ्याच डब्यातला गूळ चोरायचास."

घरी येताना मात्र त्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसल्या. मी नुसतं नाम घेत राहिले.

पुढच्या रविवारी, मी न बोलावताच त्या गाडीत येऊन बसल्या. चुलीपाशी पोचल्यावर म्हणाल्या, "हात पुढे कर."

माझ्या तळव्यावर त्यांनी मीठ ओतलं, निरखून पाहिलं, चिमूटभर परत काढून घेतलं. "तुझी मूठ माझ्याहून मोठी आहे पोरी. एवढंच घ्यायचं. आणि मीठ घालताना कुणाशी बोलायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"मला काय, कामं थोडी आहेत?"

वाहेगुरू म्हणून मी मीठ सोडलं. मागे वळून पाहिलं, तर त्या पालकाच्या ढिगापाशी बसून रमनीतला दटावत होत्या, "एवढाली देठं ठेवतेस, पंगतीला म्हशी बसणार आहेत का गं?"