तिसरी थाप

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण माझ्यामागे कधीच घर नव्हतं. मी नाटकातला दरवाजा. एका सुताराने मोडक्या कपाटाच्या फळ्या ठोकून मला बनवलं आणि लोखंडी कडी बसवली. समोरून तपकिरी रंग, मागून नुसतं उघडं लाकूड.

आमच्या नाटककार बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांचा थोरला भाऊ, दादा, त्यांच्या नाटकात बापाचं काम करायचा. घर सोडून गेलेला बाप अनेक वर्षांनी परत येतो, अशी गोष्ट. पहिल्या खर्ड्यात पडदा उघडताच आई मुलीला सगळं सांगून टाकायची. वाचन ऐकता ऐकता दिग्दर्शकाने जांभई दिली.

"ताई, सगळं आधीच कळलं, तर लोक मध्यंतरात चहा पिऊन घरी जातील."

ताई चिडल्या, पण त्यांनी पानंच्या पानं खोडली. आता पडदा उघडला की आई भर दुपारी मला कडी घालायची. मुलगी विचारायची, "आई, दिवसाढवळ्या कडी?" आई उत्तर न देता भाजी निवडत राहायची. मग माझ्यावर एक थाप पडायची. आईचा हात थांबायचा. गप्पा पुन्हा सुरू होतात न होतात, तोच दुसरी थाप. बापाचं नावही कुणी काढायचं नाही. तिसऱ्या थापेला आई कडी काढणार आणि पडदा पडणार.

"बाहेर कोण आहे हे आईला ठाऊक, लोकांना नुसता संशय. अंक तेवढ्यावर चालतो," ताई म्हणाल्या. अख्खा अंक माझ्यावर तोललेला! मी अभिमानाने फुगलो.

पहिला प्रयोग. दोन थापा खणखणीत पडल्या. तिसरी पडेना.

माझ्या पाठीला दादाचा खांदा टेकला आणि घसरत खाली गेला. त्याची बोटं खालच्या फळीवर क्षणभर खरवडली, मग तीही थांबली. मी हादरलो. मागच्या अरुंद जागेत दुसरं कुणीच नव्हतं, आणि लाकडाला ओरडता येत नाही. समोर नाट्यगृह श्वास रोखून बसलेलं. लोकांना वाटलं, काय लिहिलंय बाईंनी!

शेवटच्या रांगेतून ताई ताडकन उठल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या थापेमध्ये किती थांबायचं हे त्यांनीच ठरवलं होतं, आणि ती वेळ केव्हाच टळली होती.

"दादा!" त्या किंचाळल्या. "अगं, कडी काढ! आधी कडी काढ!"

आईचं काम करणारीने कडी ओढली. मी उघडलो आणि दादा उंबऱ्यावर आडवा कोसळला. घाईघाईने पडदा पाडला गेला.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

माणूस जमिनीवर पडलेला, आणि टाळ्या थांबेचनात! प्रेक्षकांना तरी काय माहीत? पण तो आवाज आठवला की अजून माझ्या फळ्या थरथरतात.

दादाला अर्धांगवायूचा झटका आला होता. वेळेवर इस्पितळात नेलं म्हणून वाचला. पण उजवा हात गेला, जीभ जड झाली.

काही दिवसांनी दिग्दर्शक चाचरत म्हणाला, "ताई, लोक त्या शांततेबद्दलच बोलतायत. तेवढी ठेवू या का?"

ताईंनी ठाम नकार दिला. "ती मी लिहिलेली नाही."

नवा नट आला. ताईंनी अट घातली, माझ्यामागे यापुढे दोघांनी उभं राहायचं. दादा काठी टेकत आला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा ते नाटक समोर बसून पाहिलं. तिसरी थाप पडली तसा तो खुर्चीत दचकला.

"काय गं हे!" मध्यंतरात तो अडखळत म्हणाला. "मला... घाम फुटला!"

ताई हसल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, तेव्हा हसत होत्या की रडत, ते मला इतक्या लांबून कळलं नाही.

आता मी गोदामात भिंतीला टेकून असतो. बिजागऱ्या गंजल्यात, कुणी तेल घातलं तर बरं वाटेल. पण माझं मागणं वेगळं आहे, मित्रांनो. नाटकात लोकांना ताटकळत ठेवणं ही कला आहे. घरात मात्र तुमच्या माणसाचा रोजचा आवाज आला नाही, तर पुढे काय होतं ते बघत बसू नका. उठा आणि आत जाऊन बघा.