सुकटला फिरवणारा माणूस

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला चालायला सांगितलं, नवऱ्याला चालवण्यासाठी आम्ही कुत्रा पाळला, आणि आता त्या कुत्र्याला चालवण्यासाठी माझ्या नवऱ्याला पगारी माणूस हवा होता. हे मी बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मला कसलं हसू येतंय, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

आमच्या सदानंदांना साखरेचा त्रास. रिटायर झाल्यावर माणूस बागकाम करतो, भजनाला जातो, निदान दुधाची पिशवी तरी आणतो. हे सोफ्यावर बसले ते बसलेच. सोफ्याला त्यांच्या आकाराचा खड्डा पडला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, नाहीतर इन्सुलिनची सुई तयारच आहे. त्यावर यांनी दोन दिवस गॅलरीत येरझाऱ्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी गॅलरी फार लहान आहे असं जाहीर केलं. शेवटी आमच्या आयुषने युक्ती काढली. तेव्हा तो सातिवलीच्या एका कारखान्यात होता. तिथल्या गाळ्यामागे सापडलेलं पिल्लू तो संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून घेऊन आला आणि बाबांच्या मांडीवर ठेवलं. अंगावर मांस नाही, वाळवलेल्या कोलंबीसारखं नुसतं सुकलेलं, म्हणून त्याचं नाव पडलं सुकट. पुढे आयुष पुण्याला नोकरीला गेला आणि सुकट आमच्याकडे राहिला. आता तो उभा राहिला की त्याचे पुढचे पाय माझ्या खांद्याला लागतात आणि नाव मात्र अजून सुकटच आहे.

सुरुवातीचे दिवस मात्र, खोटं कशाला बोलू, मजेत गेले. वीस वर्षं विरारच्या मनवेलपाड्यात राहून ज्यांना शेजारच्या इमारतीतलं कुत्रंही ओळखत नव्हतं, ते सदानंद सगळ्या गल्लीचे 'सुकटवाले काका' झाले. भाजीवाला यांना हाक मारायचा. रविवारी आम्ही तिघं रिक्षा करून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जायचो. एकदा सुकटने वाळत घातलेला बोंबील ओढून पळवला. ज्या बाईचा बोंबील तिने आमचा उद्धार केला, आणि सदानंदांनी ओशाळून तिच्याकडून एवढे बोंबील विकत घेतले की महिनाभर आमच्या घराला समुद्राचा वास येत होता. त्या दिवशी हा माणूस वाळूत फतकल मारून हसत होता, सुकट त्यांचा कान चाटत होता, आणि मी देवाचे आभार मानत होते. साखर उतरली. खड्डा पडलेला सोफा मी नव्याने भरून घेतला.

गणपतीनंतर यांचं काहीतरी बिनसलं. नाचता येईना अंगण वाकडं, तशी एकेक कारणं सुरू झाली. रस्ता खणलाय. ऊन फार आहे. गल्लीतली कुत्री अंगावर येतात. त्यातून आमच्या सोसायटीचा नियम असा की कुत्र्याला लिफ्टमधून न्यायचं नाही, म्हणजे तीन मजले जिन्याने उतरायचे. "जिना दमवतो गं," ते म्हणायचे. "दमायलाच तर जायचंय," मी म्हणायचे, आणि पट्टा हातात देऊन दार लावून घ्यायचे. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. मी हाकलायची आणि ते निघायचे. मग एक दिवस चहा पिताना म्हणाले, "विनया, सुकटला फिरवायला एखादा चांगला माणूस बघूया. हल्ली मिळतात. प्रोफेशनल असतात."

"आणि तुम्हाला फिरवायला कोण ठेवू?"

त्यांनी कपात बघत चहा ढवळला. साखर नसलेला चहा. मग म्हणाले, "निवड तूच कर. तुला माणसं कळतात."

इथेच त्यांचं चुकलं. मला माणसं कळतात हे खरं, म्हणूनच मी ठरवलं की एकालाही पास करायचं नाही. माणूस मिळाला की हे परत सोफ्यावर, आणि सोफ्यावरून थेट हॉस्पिटलात. ते मी होऊ देणार नव्हते.

पहिला आला सिद्धेश. दंड एवढे की दारातून तिरपा आत आला. "काकी, टेन्शन नाय घ्यायचं. मी पाच-सहा डॉग एकत्र मॅनेज करतो. बॉडी लँग्वेज असते त्याची." मी त्याला सुकट दिला आणि गॅलरीत उभी राहिले. गेटच्या बाहेर पडल्या पडल्या त्याने मोबाइल उंच धरला आणि मोबाइलशीच बोलायला लागला. सुकट त्या वेळात कोणाच्या तरी नव्या स्कूटरचं चाक ओलं करत होता. ती स्कूटर आमच्या सेक्रेटरींची निघाली. मला कष्टच पडले नाहीत, सिद्धेश आपणहून नापास झाला.

दुसरी उन्नती. तिने तासभर सुकटबद्दल प्रश्न विचारले. लहानपणी त्याला काय ट्रॉमा झाला, तो रात्री कोणाजवळ झोपतो, आम्ही दोघं त्याच्यासमोर भांडतो का. "भांडतो," मी म्हटलं, "आणि तोच कारण असतो." तिने मान हलवली. तिची पद्धत अशी की माणसाने कुत्र्याला न्यायचं नाही, कुत्रा नेईल तिकडे जायचं. सुकटने तिला मटणाच्या दुकानासमोर नेलं आणि बसला. तीही बसली. दिवेलागणीला सदानंद मला म्हणाले, "बघून ये गं," तेव्हा दोघं अजून तिथेच होती आणि सुकटच्या तोंडात हाड होतं.

"पण मुलगी चांगली होती," सदानंद रात्री म्हणाले.

"हो ना. तिला दत्तकच घेऊया."

"विनया, लवकर ठरव गं कोणाला तरी." हे त्यांनी असं काही म्हटलं की मी वळून बघितलं. आवाजात अजिजी होती. मला वाटलं, बघा, आळशी माणसाला आराम लांबला की किती हाल होतात! मी पोळ्यांची कणीक जरा जास्तच जोरात मळली.

तिसरी प्रीतल. अर्नाळ्याची, तिची आई बाजारात मासे विकते. सकाळी आईला सोडून ही स्कूटरवरून विरारभर कुत्री फिरवते. सुकटने तिचे हात हुंगले आणि तो जो तिच्या पायाशी लोळला, तो उठायलाच तयार नाही. आता हिच्यात दोष काढायचा म्हणजे मला चष्मा पुसून बसणं भाग होतं. ती वेळेवर आली. चपला बाहेर काढल्या. मोबाइल पिशवीत ठेवला. वर म्हणते कशी, "आंटी, मी पयल्या दिवशी पट्टा धरत नाय. घरातला मानूस नेतो तसा न्या, मी मागून येते. कुत्र्याची सवय कलली पायजे ना. रोज कोन नेतं?"

मी सदानंदांकडे बघितलं. सदानंदांनी पेपर वर केला. "आज गुडघा दुखतोय. तू जा की."

मी! खाणं मी द्यायचं, केस मी झाडायचे, आंघोळ मी घालायची, आणि आता हेही. सुकटला एकटीने रस्त्यावर न्यायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. तणतणत पट्टा घेतला आणि निघाले.

जिन्यातच वैताग सुरू झाला. आयुष घरी आला की त्याच्याबरोबर हाच कुत्रा तीन मजले गडगडत उतरतो. माझ्याबरोबर मात्र एक पायरी उतरायचा आणि थांबायचा. मान वळवून बघायचा. मग दुसरी पायरी. नवी नवरी मांडवात येते तशी आमची वरात चालली होती. "चल रे, मेल्या," मी पट्टा ओढला. तो ढिम्म. माझे दोन्ही पाय एका पायरीवर आले की मगच पुढची पायरी.

रस्त्यावरही तेच. स्पीडब्रेकर आला की उभा. पेव्हर ब्लॉक उखडलेला दिसला की उभा. मी ओढतेय, दटावतेय, मागून प्रीतल निमूट येतेय, आणि लोक बघतायत. किराणावाला हसून म्हणाला, "काय वहिनी, आज काकांची ड्यूटी तुम्हाला?" कोपऱ्यावर गटाराचं झाकण कोणीतरी काढून नेलंय, तिथे तर सुकटने कमालच केली. तो माझ्या पुढ्यात आडवा आला, पोट माझ्या नडगीला टेकवलं आणि भिंत होऊन उभा राहिला. मी अडखळले. "अरे, दिसतंय मला!" मी ओरडले.

"घाबरतो काय ओ हा, आंटी?" प्रीतलने विचारलं. "लहानपनी गटारात पडला होता का?"

घाबरत नाही, मालकासारखा आळशी आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. आणि खाली बघितलं. सुकट गटाराकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडेही बघत नव्हता. तो माझ्या पायांकडे बघत होता. मी मुद्दाम एक पाय उचलून उघड्या गटाराच्या बाजूने पलीकडे टेकवला. तो हलला नाही. दुसराही पाय टेकवला, तेव्हा तो निघाला.

समुद्राच्या लाटांवर धावून जाणारा कुत्रा. बोंबलासाठी अनोळखी बाईच्या वाळवणात घुसणारा. त्याला कसली आलीय भीती? हे त्याला कोणीतरी शिकवलं होतं, नाहीतर कोणाला तरी सांभाळता सांभाळता तो आपणच शिकला होता. मी तिथूनच मागे फिरले. "तू याला घेऊन इथेच थांब," असं मी प्रीतलला गेटवर सांगितलं. लिफ्टची वाट बघायलाही धीर निघेना, जिन्यानेच वर गेले.

सदानंद सोफ्यावर होते. पेपर तोंडासमोर, पाय स्टुलावर. "कशी आहे मुलगी?" त्यांनी पेपरमागून विचारलं.

मी सरळ आत गेले. स्टुलापाशी खाली बसले, अंबाड्यातली पिन काढली आणि तिचं बोथट टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या तळाशी टेकवलं. काही नाही. जरा दाबलं. त्यांनी पान उलटलं. मी आणखी दाबलं, इतकं की तिथे खळगा पडला.

"अगं, सांग ना, कशी आहे?"

मी त्यांचा पाय दोन्ही हातांत धरला. टाचेवर एक भेग पडून ती पिकत आली होती, आणि या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. हा पाय मी रोज दोनदा दाराबाहेर ढकलत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

पेपर खाली आला. माझ्या हातातली पिन बघून त्यांना सगळं कळलं. "गणपतीपासून," ते म्हणाले. "आधी मुंग्या यायच्या. मग त्याही येईनाशा झाल्या. जमीन कुठे आहे ते बघून चालावं लागतं. जिन्यात तर फार."

"आणि तरी तुम्ही जात होतात?"

"सुकट थांबायचा ना. त्याला लवकर कळलं." ते जरा हसले आणि लगेच हसू गेलं. "पण मागे एकदा मी पडलो. कोपऱ्यावर, त्या उघड्या गटारापाशी. पट्टा हातातून सुटला आणि तो रस्त्यावर गेला. रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून... मला काही लागलं नाही, विनया. पण माझ्यामुळे तो गेला असता. म्हणून म्हणत होतो, माणूस ठेव."

मी दोघांना नापास केलं होतं. आणि तिसरीचा दोष शोधत होते. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो रागच. "मला सांगायला काय झालं होतं? मुक्या जनावराला सांगितलंत, आणि एवढी वर्षं ज्या बायकोबरोबर काढली तिला नाही?"

"तू रागावली असतीस."

"मी रागावतेच! रोज रागावते! सकाळी उठल्यापासून रागावते, त्यात नवीन काय आहे?"

"नवीन काही नाही," ते म्हणाले. पायाकडे बघत, अगदी हळू, तक्रार न करता. "सुकट रागावत नाही."

मी कोमट पाणी आणलं, हातावर घेऊन नीट बघितलं आणि त्यांचा पाय धुतला. टाचेला औषध लावलं. "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं," म्हटलं, आणि आवाज चढतोय असं वाटल्यावर तेच वाक्य खालच्या आवाजात पुन्हा म्हटलं. ते मान हलवून हो म्हणाले.

मग गॅलरीत गेले. खाली गेटपाशी प्रीतल सुकटला नळाचं पाणी पाजत होती.

"उद्या संध्याकाळपासून ये," मी वरून सांगितलं. "पट्टा तुझ्या हातात. मागून आम्ही दोघं येऊ, डॉक्टर म्हणतील तेवढं. तेव्हा जरा हळू चालायचं."

"हलू म्हंजे किती, आंटी?"

"ते त्याला विचार," मी म्हटलं. "मला नाही माहीत."