पाठवणीची चाल

"अब्बा, दांत हिलताय क्या अब्बी?" एजाजनं विचारलं.

"नक्को रे पूछू," इमामसाब म्हणाले आणि त्यांनी जिभेनं पुढचा दात पुन्हा चाचपला. हलत होता. त्याच्या संगतीनं शेजारचाही बिघडला होता.

नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता. बँडच्या जाड लाल कोटात इमामसाब घामानं निथळत बसले होते. दुपारी डब्यातली कडक भाकरी त्यांनी आमटीत भिजवून भिजवून गिळली होती. दोन्ही दात सोमवारी काढायचं ठरलं होतं. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात गेले म्हणजे पैलवानाचे गुडघे गेल्यासारखंच. कवळी लावून वाजवणारेही असतात म्हणे, पण त्या परक्या दातांशी नव्यानं सोयरीक जमवायची ताकद आता त्यांच्यात उरली नव्हती. एजाज ढोल वाजवायचा आणि बँडचं सगळं बघायचा, पण हल्ली लोकांना डीजे हवा असायचा. खरं सांगायचं तर इमामसाब दमले होते.

दारातून सुकन्या मॅडम आल्या. त्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि आजचा सगळा घाट त्यांनीच घातला होता. एकाच साहेबाच्या राज्यात भरडलेल्या दोन मुलखांनी एकमेकांची गाणी ऐकावीत, अशी ती कल्पना. गेल्या वर्षी सोलापूरचं लेझीम पथक आफ्रिकेत घानाला जाऊन आलं, आज तिकडचा बँड इकडे आला होता.

"इमामसाब, पाहुणे पोचले. आत येताना दोन मिनिटं एकदम जोरात होऊ द्या. वरातीतलं काहीतरी, बरं का."

"व्हय की मॅडम. तुमी काळजीच करू नका."

काळजी त्यांच्याच पोटात होती. वरातीचं गाणं वर वर चढत जातं आणि सूर जितका वर तितका ट्रम्पेट ओठांवर रेटावा लागतो. पाठवणीची चाल असती तर निभावलं असतं. ती खालच्या सुरातली, लांबलचक, थकल्या माणसाच्या चालण्यासारखी.

त्या चालीचं नावगाव कुणालाच ठाऊक नव्हतं. इमामसाबांच्या आजोबांनी ती गोऱ्या पलटणीच्या बँडवरून कानानं उचलली आणि लग्नाच्या मांडवात आणली. साहेब गेला, चाल राहिली. माढा असो, करमाळा असो, नाही तर माळशिरस, नवरी गाडीत बसताना इमामसाबांनी ती धरली की भलेभले बाप उपरण्यात तोंड लपवायचे.

एकाच नवरीच्या नशिबी ती नव्हती. इमामसाबांच्या निकाहात ती वाजवणार कोण? वाजवणाराच सेहरा बांधून बसला होता. नवरा मुलगा मांडीवर हात ठेवून गप्प, आणि अनवरी नुसत्या ताशाच्या तडतडाटात सासरी आली. जन्मभर तिनं ते ऐकवलं. चिंच लावून कोटाची पितळी बटणं घासता घासता ती म्हणायची, "पूरे जिल्हे की पोरियां कू बजा के भेजे, मेरे कूच सूखा लाए!"

"बजाऊंगा ना. एक दिन तेरे वास्तेच बजाऊंगा."

तो दिवस काही उगवला नाही. लग्नसराईत ते घरी यायचे ते आडवे व्हायला. एरवी आज नाही उद्या. दोन वर्षांपूर्वी रमजानात अनवरी गेली. मुसलमानांच्या मय्यतीला बँड नसतो. लिंगायत शेजाऱ्यांच्या अंत्ययात्रेत इमामसाब कित्येकदा वाजवत पुढे चालले होते. बायकोला मात्र नुसता खांदा देता आला. ही गोष्ट त्यांना फार लागून राहिली होती.

इमामसाबांचा बँड मंचावर उभा राहिला आणि पडदा उघडला. सभागृहाच्या दारातून पाहुणे येऊ लागले. सात-आठ जणांचा बँड, अंगात काळे-पांढरे सदरे, डोक्यावर टोप्या. सगळ्यांत पुढे त्यांचे म्होरके ओपोकू. इमामसाबांच्याच वयाचे, आणि हातातला ट्रम्पेट इमामसाबांच्या ट्रम्पेटहून जास्त पोचे पडलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एजाजनं ढोलावर टिपरू उचललं.

इमामसाबांनी ओठ टेकवले. दात जायचाच आहे, तर या धांगडधिंग्यात कशाला घालवायचा, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्यांनी पाठवणी धरली.

"अब्बा! ये कायकू?" एजाज मागून कुजबुजला.

पाहुणा दारात आणि वाजतेय पाठवणी! पुढच्या रांगेत बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुकन्या मॅडमनी कपाळाला हात लावला. इमामसाबांनी डोळे मिटून घेतले होते. दोन ओळी अगदी जुन्यासारख्या निघाल्या. तिसऱ्या ओळीत तोंडात काहीतरी कडकन मोडलं, सूर फाटला आणि जिभेला खारट लागलं. त्यांनी ट्रम्पेट खाली घेतला आणि तोंडावर रुमाल धरला.

डोळे उघडले तर हसू थांबलेलं. पाहुणे मधल्या वाटेतच उभे होते. टोप्या काढून त्यांनी छातीशी धरल्या होत्या.

ओपोकू मंचावर आले, सुकन्या मॅडमशी हळू आवाजात काही बोलले. मॅडमचा चेहराच बदलला. त्या इमामसाबांजवळ आल्या.

"इमामसाब, ही चाल त्यांच्याकडेही आहे. तिकडेही पलटणीच्या बँडवरूनच आली. पण तिकडे ती फक्त मयताला वाजवतात. ते विचारतायत, कोण गेलं?"

चूक झाली म्हणून हात जोडले असते तरी भागलं असतं. इमामसाबांनी तोंडावरचा रुमाल काढला. तो लाल झाला होता.

"माजी बायको," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. ह्येच वाजवायचं ऱ्हायलं हुतं बगा."

एजाजनं मान खाली घातली. मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. ओपोकूंनी आणखी काही विचारलं.

"नाव विचारतायत. नाव घेतल्याशिवाय ते सुरू करत नाहीत."

"अनवरी."

"अन-व-री," ओपोकू म्हणाले. मग वळून त्यांनी ते आपल्या माणसांना सांगितलं, आणि त्यांनीही ते एकेकानं म्हणून पाहिलं.

मग पाहुण्यांनी चाल धरली, अगदी पहिल्यापासून. तिकडची चाल आणखी संथ होती. दुसऱ्या ओळीला एजाजचा ढोल हलक्या हातानं त्यांना जाऊन मिळाला.

इमामसाबांना कुणीतरी खुर्ची दिली. ट्रम्पेट मांडीवर आणि हात त्याच्यावर ठेवून, सेहरा बांधून बसले होते तसेच ते गप्प बसून राहिले. फक्त उजव्या हाताची बोटं चालीबरोबर ट्रम्पेटचं एकेक बटण दाबत होती.