डावीकडून तिसरं घर

टिंकूने शववाहिकेचं मागचं दार लावलं, कडी ओढून पाहिली आणि पुढे बसता बसता विचारलं, "कुठं घेऊ, काकाजी?"

दुधराम मागे बायकोच्या, मंदाबाईच्या उशाशी बसला होता. बोलणं संपलं होतं तरी फोन त्याच्या कानालाच होता.

फोन घरमालकिणीचा, निर्मलाबाईंचा होता. त्या रडल्या होत्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं. त्यांची मुलगी मंदाबाईच्या कडेवर वाढली होती. त्याच मुलीला आज हळद लागायची होती. अंगणात मांडव पडला होता, पाहुणे उतरले होते.

"भाऊ, मी कोन्त्या तोंडानं सांगू," निर्मलाबाई म्हणाल्या होत्या, "पन आज गल्लीत नका आनजा. पोरीचं शुभ हाय. परस्पर घेऊन जाजा ना."

दुधराम "बरं" म्हणाला होता. त्या खोलीत तो आणि मंदाबाई वीस वर्षं राहिले, पण खोली त्यांची नव्हती. बरं म्हणण्यावाचून दुसरं काय म्हणणार?

ताप फुप्फुसात उतरला, असं पहाटे डॉक्टरीणबाई म्हणाली. मंदाबाई गेली तेव्हा दुधराम चहा घ्यायला खाली गेला होता. चहाची पिशवी घेऊन वर आला तर खाटेभोवती पडदा ओढलेला.

"काकाजी?" टिंकूने पुन्हा विचारलं. "मोक्षधाम घेऊ का सिधा?"

"नाही. मुर्रीले घे. घरकुलाच्या बिल्डिंगीत."

"तिथं तं काम बंद पडून हाय ना गा?"

"हाय."

टिंकूने आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

त्यांच्या गल्लीत एक म्हातारा भाडेकरू वारला होता, त्याला बरीच वर्षं झाली. मालकाने त्याला आत घेऊ दिलं नव्हतं. नालीच्या काठावर खाट टाकून त्याला ठेवलं होतं आणि येणारे-जाणारे सायकल हातात धरून बाजूने जात होते. मंदाबाई त्याच्या बायकोजवळ दिवसभर बसली. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले आणि भात वाढता वाढता म्हणाली, "मले असं कोनाच्या दारात नका ठेवजा. आपल्या घरात ठेवजा घडीभर, मंग न्या कुठं न्यायचं तं."

"आपलं घर कुठं हाय?" दुधराम हसला होता.

"होईल ना," ती म्हणाली होती.

आणि झालंही होतं. सोडतीत तिच्याच नावाची चिठ्ठी निघाली. बाईच्या नावावर घर, असा त्या योजनेचा नियमच होता. मंचावरून नाव पुकारलं तेव्हा ती उठलीच नाही. स्वतःचं नाव लाऊडस्पीकरवर तिने कधी ऐकलं नव्हतं. शेवटी शेजारणीने ढोसलं. मुर्रीच्या रस्त्याला जागा आखली, पाया भरला, तीन मजले उभे राहिले. मग मागच्या कॉलनीने अर्ज दिला. पहिला अर्ज नालीचा, यांचं सांडपाणी आमच्याकडे येईल म्हणून. तो निपटला तर दुसरा रस्त्याचा. मग कुणीतरी म्हणालं, ही जागा नकाशात बागेची आहे, आणि कोर्टातून कामाला स्थगिती आली. फाईल नागपूरला गेली, परत आली, पुन्हा गेली. साहेब बदलले. नवीन साहेबाने जागा स्वतः पाहिल्याशिवाय सही करणार नाही म्हटलं आणि पाहायला यायच्या आधी त्याचीही बदली झाली. अर्जांत सांडपाणी होतं, रस्ता होता, बाग होती. कॉलनीच्या कट्ट्यावर मात्र एवढंच बोलत, "ते लोक इथं येतील."

त्या लोकांपैकी एक मंदाबाई. ती त्याच कॉलनीत शकुंतलाबाईंकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करत होती.

आपलं घर कुठलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. दुधराम राईस मिलमधून पोती वाहून आला की त्याच्या पाठीला तेल लावताना सांगायची, "तळमजला. डावीकडून तिसरं." दुधराम फक्त भूमिपूजनाला गेला होता, तेव्हा तिथे चुन्याच्या रेघा होत्या. पुढे भिंती आल्या तेव्हा पत्रे ठोकून फाटकाला कुलूप लावलं. घराचा नंबर कागदावर होता. भिंतीवर रंगवायची वेळ आलीच नाही.

फाटकाशी चौकीदार मुन्नालाल खाटेवर बसून दात घासत होता. शववाहिका पाहून तो तसाच उठला. दुधरामने खाली उतरून सगळं सांगितलं. त्याने दोनदा सांगितलं, कारण मुन्नालालला पहिल्यांदा पटलंच नाही.

"वो रोटीवाली बाई?" मुन्नालालने चूळ भरली. "परसों तो दीवार के ऊपर से दी थी मेरे को. दो रोटी, आलू की भाजी."

"हो. तीच."

"और अंदर रखना है? दुधरामभाऊ, मरवाओगे. अंदर एक आदमी भी गया तो बोलते हैं कब्जा किया. कॉलनीवाले छत पे से फोटो निकालते हैं."

"कब्जा कायचा? ती काय राहणार हाय का तिथं?"

मुन्नालालने तोंड पुसलं. मग खिशातून किल्ली काढून खाटेवर ठेवली.

"मैं संडास को जा रहा हूँ," तो म्हणाला. "मेरे को टाइम लगता है. पेट खराब है."

आत अंधारा बोळ होता आणि दोन्ही बाजूंना बिनदाराची घरं. रस्त्याच्या बाजूने दुधरामने मोजलं. पहिलं, दुसरं, तिसरं. टिंकूने बाहेरून कडुलिंबाच्या फांद्या तोडून आणल्या आणि जमिनीवरची रेती झाडली. दोघांनी स्ट्रेचर आत नेलं. गल्लीतले चार-पाच जण ऑटो करून आले, त्यांत म्हातारी रुक्माबाई होती. त्यांनी बांबू आणि पांढरं कापड सोबत आणलं होतं. मंदाबाईला तिरडीवर निजवलं, उशाशी मेणबत्ती लावली.

त्यांची मुलगी रेणू आमगावहून सकाळच्या गाडीने निघाली होती. ती बोळातून धावत आली आणि चौकटीपाशी एकदम थांबली. मग भिंतीला हात लावला. प्लास्टर न झालेली वीट होती, तिच्या तळव्याला लाल भुकटी लागली.

"आली व माय तू घरी," ती म्हणाली आणि खाली बसली.

दुधरामला ते ऐकून पहाटेपासून पहिल्यांदा रडू आलं. बरं वाटलं म्हणून आलं. एवढं तरी झालं. तो उठून खिडकीशी गेला, पोरीला दिसू नये म्हणून. समोर रस्ता होता, पलीकडे मिलचं शेड, कोंड्याचा ढीग. तो बराच वेळ पाहत राहिला. मंदाबाई म्हणायची, खिडकीत उभं राहिलं की शकुंतलामॅडमचा ओटा दिसेल, त्यांचं दूध उतू चाललं तर घरूनच हाक मारीन. इथून कॉलनी दिसत नव्हती. झाडं वाढली असतील, असं त्याने मनाशी म्हटलं. पण समोर झाड एकही नव्हतं.

सगळ्यांनी हात जोडले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. रेणूचा आवाज मध्येच बसला, तेव्हा रुक्माबाईने पुढचं म्हटलं.

वंदना संपली तेव्हा चौकटीत शकुंतलाबाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, पायांत घरातल्या सपाता. मागच्या भिंतीला वळसा घालून, चिखलातून आल्या असाव्यात. सपाता भरल्या होत्या.

त्यांनी मंदाबाईकडे पाहिलं. मग खोलीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"दुधरामभाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इथं का ठेवलंय? हे तिचं घर नाही."

"तिचं मागच्या बाजूला आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या अगदी समोर. डावीकडून तिसरी खिडकी. रोज दाखवायची मला. इथं ओटा, इथं रॅक. पोळ्या लाटताना सारखं तिकडं बघायची. मी रागवायचे, पोळी करपेल म्हणून."

रेणूने मान वर केली.

"तुमाले माहीत होतं, मॅडम? कोन्तं घर, ते बी माहीत होतं?"

"रोज दाखवायची ना."

"मंग अर्जावर सही कायले केली?"

शकुंतलाबाईंनी पदर सारखा केला. पडला नव्हता, तरी केला.

"सगळ्यांनीच केली गं," त्या म्हणाल्या. "कागद घरोघर फिरला."

रेणूने मान खाली घातली आणि आईच्या पायावरची चादर नीट केली.

दुधराम बोळ ओलांडून मागच्या बाजूला गेला. तिसरं घर. आत सेंट्रिंगच्या फळ्या छताला लागतील एवढ्या रचल्या होत्या, त्यांत टेकूच्या बल्ल्या, गंजलेल्या सळ्या, दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या. काम थांबलं त्या दिवशी ठेकेदाराच्या माणसांनी हातातलं सगळं इथेच टाकलं होतं. फळ्यांच्या वरून खिडकीचा अर्धा तुकडा दिसत होता. दुधराम टाचा उंचावून पाहायला लागला. कॉलनीची भिंत, भिंतीपलीकडे एक जाळीची खिडकी, आत पांढरा ओटा. ओट्यावर गॅस. गॅसवर काही नव्हतं.

तो परत आला.

"तिकडं नेऊ," तो म्हणाला. "फळ्या काढू न नेऊ."

"नको गा," रुक्माबाई म्हणाली. "एकदा घरात ठेवली, उचलली तं मंग मसनातच. या घरातून त्या घरात माणूस नेत नाहीत."

"आपन ते मानत नाही, आजी," रेणू म्हणाली. "सोडलं ना आपन ते सगळं."

"सोडलं तं सोडलं. मी आपली सांगून राहिली."

"मानत नाही तं मंग चला," दुधराम म्हणाला. तो आधीच बोळात पोचला होता.

टिंकूने शर्टाच्या बाह्या वर केल्या. गल्लीतले दोघे आले. फळ्या सिमेंट लागून एकमेकींना चिकटल्या होत्या, एकेक उपसून काढावी लागत होती. चार-दोन बाहेर निघाल्या आणि दुधरामच्या लक्षात आलं की फळीचं दुसरं टोक कुणीतरी धरलंय. शकुंतलाबाई होत्या. पदर खोचला होता. त्यांना फळी धरता येत नव्हती, हात घसरत होते, पण त्या धरत होत्या. दोघांनी ती फळी बोळात नेऊन टेकवली, परत आले, दुसरी धरली. खिडकी आता कमरेपर्यंत मोकळी झाली होती. जमिनीवर मंदाबाईपुरती जागा व्हायला अजून निम्मा ढीग जायला हवा होता.

"दुधरामभाऊ," बाहेरून मुन्नालालचा आवाज आला, "गाड़ी आई है. साहब लोग हैं. जल्दी."

सरकारी जीप फाटकात उभी होती. पुढे पांढऱ्या शर्टातला एक अधिकारी. त्याच्याबरोबर मोबाईल समोर धरून कॉलनीचा अध्यक्ष वीरेंद्र आत येत होता. शकुंतलाबाईंचा नवरा. अधिकारी तिरडीपाशी थांबला, चपला काढल्या, नमस्कार केला.

"मला हे करायला नाही आवडत," तो दुधरामला म्हणाला. "पण कोर्टाची स्थगिती आहे, बाबा. आत वापर झाला असं यांनी लिहून दिलं तर केस अजून लांबेल. तुमचीच माणसं अडकतील. सगळ्याच घरांचं सांगतो."

"अर्धा घंटा द्या," दुधराम म्हणाला. "फळ्या काढून झाल्या की झालं. तिच्या घरात टेकवू, उचलू. बस."

अधिकाऱ्याने वीरेंद्रकडे पाहिलं.

वीरेंद्रने मोबाईल खाली घेतला होता. तो बोळातून मागच्या घराच्या चौकटीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आत त्याची बायको फळीचं एक टोक धरून उभी होती. दुसरं टोक टिंकूच्या हातात होतं. शकुंतलाबाईंच्या गालाला सिमेंट लागलं होतं.

वीरेंद्र रागावला नाही. नुसता पाहत राहिला.

शकुंतलाबाईंनी फळी खाली ठेवली. आपटू नये म्हणून सावकाश ठेवली. हात पदराला पुसले आणि कुणाकडे न पाहता बोळातून बाहेर गेल्या. थोड्या वेळाने वीरेंद्र त्यांच्यामागे गेला.

टिंकूने आपलं टोक धरूनच ठेवलं होतं.

"काकाजी, आपन काढू ना," तो म्हणाला. "किती राहिल्या?"

दुधरामने ढिगाकडे पाहिलं. मग बाहेर गल्लीतल्या लोकांकडे. सोडतीत नाव निघालेली त्यांच्यात आणखी तीन घरं होती. ते काही म्हणत नव्हते. म्हणणारही नव्हते. त्यांतला एक जण बुटाने रेती सारखी करत होता.

"ठेव गा," दुधराम म्हणाला. "चाला."

मंदाबाईला उचललं. एका बाजूला रेणूने खांदा दिला. बोळ अरुंद होता, तिरडी वळवताना जरा तिरकी करावी लागली. मागच्या घराच्या चौकटीसमोर दुधरामची पावलं मंदावली, पण मागचे लोक चालत होते. तोही चालला.

याला आता दोन पावसाळे झाले. निर्मलाबाईंची मुलगी सासरी नांदते आहे. फाईल पुन्हा नागपूरला गेली आहे. घर बाईच्याच नावावर पाहिजे, म्हणून मंदाबाईच्या जागी रेणूचं नाव लावायचा अर्ज दिला आहे, त्याला उत्तर आलेलं नाही. फळ्या अजून त्या घरात तशाच आहेत. मंदाबाईला तिच्या घरात घडीभर ठेवायचं राहिलं, ते राहूनच गेलं.